टाइप वन मधुमेहात विनाकारण वाढणारी शुगर : डोस वाढवण्याआधी काय तपासावे

टाइप वन मधुमेह होऊन वीस-पंचवीस वर्षे झालेल्या माणसाला इन्सुलिन म्हणजे काय हे नव्याने शिकवावे लागत नाही. तरीही नेमक्या अशाच माणसांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते : जेवण तेच, डोस तोच, दिनक्रम तोच, आणि तरीही गेले काही दिवस शुगर अडीचशेच्या खाली उतरत नाही. अशा वेळी बहुतेक जण दोन युनिट वाढवतात, फरक पडला नाही की आणखी दोन वाढवतात, आणि मग एखाद्या रात्री शुगर एकदम पन्नासवर येऊन घरच्यांची झोप उडते. मी स्वतः अनेक वर्षे टाइप वनसह गोव्यातच राहत असल्यामुळे या विषयावर माझे मत ठाम झाले आहे. या तपासणीत डोसचा क्रमांक शेवटचा असला पाहिजे. आधी आकडा खरा आहे का ते पाहावे, मग इन्सुलिनमध्ये दम उरला आहे का ते पाहावे, मग ते अंगात नीट उतरते का ते पाहावे, त्यानंतर शरीरात दुसरे काही बिघडले आहे का याचा शोध घ्यावा, आणि या सगळ्यातून काहीच हाती लागले नाही तर डोसकडे वळावे.

मात्र शोधाला बसण्याआधी धोका नाही ना, याची खात्री करणे आवश्यक आहे. शुगर २५० मिलिग्रॅमच्या वर गेली असून नेहमीच्या करेक्शननंतरही (म्हणजे वाढलेली शुगर उतरवण्यासाठी घेतलेल्या जादा इन्सुलिननंतरही) ती उतरत नसेल, किंवा ताप आणि मळमळ असेल, तर कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर शरीर चरबी जाळू लागते तेव्हा रक्तात साठणारी आम्ले, तपासावे. लघवीच्या कीटोन स्ट्रिप औषधांच्या दुकानात मिळतात. रक्तातील कीटोन मोजण्याची सोय असेल तर ०.६ च्या खालचा आकडा निर्धास्त समजावा, १.५ च्या वर गेल्यास डॉक्टरांना ताबडतोब फोन करावा, आणि ३ किंवा त्याहून अधिक असल्यास घरी थांबूच नये. उलट्या थांबत नसतील, पोटात दुखत असेल, श्वास खोल आणि जलद चालला असेल किंवा तोंडाला फळासारखा गोडसर वास येत असेल, तर कीटोनच्या आकड्याचीही वाट न पाहता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे, मग ते बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय असो किंवा घराजवळचे जिल्हा रुग्णालय. खाणे जात नाही म्हणून दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन बंद करणे हा टाइप वनमधला सर्वांत धोकादायक गैरसमज आहे. आजारपणात शरीराला इन्सुलिनची गरज बहुधा वाढलेली असते.

आकडा खरा आहे का

एप्रिल-मे महिन्यांत गोव्यातल्या घरात आंबा नाहीतर फणस चिरलेला नसतो असा दिवस विरळा. फळाचा रस बोटांना लागून वाळतो, डोळ्यांना दिसतही नाही, आणि त्याच बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात त्या रसातील साखर मिसळून मीटरवर भलताच मोठा आकडा येतो. सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा बोळा फिरवून ही साखर पूर्ण निघेलच असे नाही. हात साबणाने आणि पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून पुन्हा तपासावे. अनपेक्षित आकडा दिसला की त्यावर इन्सुलिन घेण्याआधी एवढे करणे ही सवयच व्हायला हवी.

दुसरी बाब स्ट्रिपची. आपल्याकडील पावसाळी दमटपणा स्ट्रिपला सोसत नाही. स्ट्रिप काढल्यावर बाटलीचे झाकण लगेच घट्ट लावावे, स्ट्रिप दुसऱ्या डबीत काढून ठेवू नयेत, आणि मुदत संपलेल्या स्ट्रिपवर विसंबू नये. रक्तक्षय असलेल्या व्यक्तीत अनेक मीटर खऱ्यापेक्षा जास्त शुगर दाखवतात, आणि लोहाच्या कमतरतेमुळे तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, सुद्धा फुगलेली येऊ शकते. त्यामुळे हिमोग्लोबिनचा रिपोर्ट शेजारी ठेवूनच हे आकडे वाचावेत. कातडीवर लावून सतत शुगर मोजणारा सेन्सर वापरणाऱ्यांनी नवा सेन्सर लावल्याच्या पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर फार भरवसा ठेवू नये. काही सेन्सरमध्ये व्हिटॅमिन सी च्या मोठ्या डोसमुळेही आकडा खोटा वाढलेला दिसतो. शंका आली की बोटातील रक्ताने पडताळणी करावी.

इन्सुलिन कुठे ठेवले होते

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. वापरात असलेले पेन किंवा बाटली ३० अंशांच्या आत ठेवली तर बहुतेक इन्सुलिन साधारण २८ दिवस टिकते. काहींची मुदत जास्त असते, ती सोबतच्या माहितीपत्रकात पाहावी. आता गोव्याचा मे महिना डोळ्यांसमोर आणावा. पंखा चालू असलेल्या खोलीतही पारा ३० च्या वर असतो, आणि उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत किंवा बंद गाडीत तर त्याहून कितीतरी अधिक. पणजीत कामाला जाताना पेन डिकीत ठेवून दिवसभर स्कूटर उन्हात लावली, तर ते इन्सुलिन एका दिवसात पूर्ण मरणार नाही, पण असे रोज घडत राहिले तर त्याचा जोर कमी होत जातो. हा ऱ्हास डोळ्यांना दिसत नाही. पारदर्शक इन्सुलिन गढूळ दिसू लागले किंवा त्यात कण दिसले तर ते फेकून द्यावे हे खरे, पण ते स्वच्छ दिसते म्हणून चांगलेच आहे, असा उलटा अर्थ काढता येत नाही.

मातीच्या मडक्यात इन्सुलिन थंड ठेवण्याचा उपाय अनेक जण सुचवतात, आणि कोरड्या हवेच्या प्रदेशात तो खरोखर चांगला आहे. मडके थंड होते ते पाणी झिरपून त्याची वाफ झाल्यामुळे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत वाफ कमी होते, त्यामुळे पेडणे किंवा साष्टीच्या किनारपट्टीवर, विशेषतः पावसाळ्यात, त्याच मडक्याचा उपयोग बराच घटतो. अशा ठिकाणी वापरातील पेनसुद्धा फ्रीजच्या दारात ठेवून टोचण्याआधी थोडा वेळ बाहेर काढणे अधिक विश्वासाचे आहे. फ्रीजमध्येही ते बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी निकामी असते. पावसात रात्रभर वीज गेली तर फ्रीज पुन्हा पुन्हा उघडू नये. बंद फ्रीजमधला गारवा काही तास टिकतो.

बाटलीतील इन्सुलिन सिरिंजने घेणाऱ्यांसाठी एक वेगळा आणि फार महत्त्वाचा मुद्दा आहे. आपल्या देशात बाटल्यांमध्ये सहसा एका मिलिलिटरला ४० युनिट असलेले इन्सुलिन मिळते, तर पेनच्या कार्ट्रिजमध्ये १०० युनिटचे. सिरिंजही दोन प्रकारच्या असतात : लाल टोपणाची ४० ची आणि नारिंगी टोपणाची १०० ची. दुकानदाराने घाईत नारिंगी टोपणाची सिरिंज दिली आणि तीत बाटलीतले इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर अंगात प्रत्यक्षात ८ युनिटच जातात. शुगर चढलेली राहते आणि कारण मात्र सापडत नाही. उलट बाजू याहून भयंकर आहे. कार्ट्रिजमधले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत घेतले तर ५० युनिट जातात. दुकानातून सिरिंज घेताना टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा जुळतो का ते प्रत्येक वेळी पाहावे.

दुधाळ दिसणारे मिश्र इन्सुलिन वापरणाऱ्यांनी ते टोचण्याआधी तळहातांमध्ये दहा वेळा हळूच फिरवावे आणि दहा वेळा उलटसुलट करावे. तसे न केल्यास कधी पातळ तर कधी घट्ट भाग अंगात जातो, आणि तोच डोस एक दिवस कमी पडतो तर दुसऱ्या दिवशी जड जातो.

टोचण्याची जागा

जुन्या पेशंटच्या बाबतीत माझा सर्वाधिक संशय इथेच असतो. वर्षानुवर्षे एकाच भागात इन्सुलिन टोचले की कातडीखालची चरबी फुगते आणि तिथे मऊ किंवा रबरी गाठी तयार होतात. अशा गाठीत टोचलेले दुखत नाही, म्हणून हात आपोआप पुन्हा तिथेच जातो. आणि नेमक्या त्याच जागेतून इन्सुलिन रक्तात जाण्याचा काही भरवसा उरत नाही : आज अर्धे जाते, उद्या उशिरा जाते, परवा एकदम सगळे उतरते. डोस न बदलता शुगर मात्र मनाला येईल तशी वरखाली होऊ लागते.

या गाठी बघून नेहमी दिसतात असे नाही, त्या हाताला लागतात. आंघोळीच्या वेळी उभे राहून पोटाला साबणाचा फेस लावावा, दोन बोटे सपाट ठेवून बेंबीच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हळूहळू सरकवत न्यावीत. निरोगी कातडी बोटांखाली एकसारखी मऊ लागते. गाठीपाशी आल्यावर बोट किंचित अडते, तिथली जाडी बदलते, आणि चिमटीत धरायला गेल्यास शेजारच्या कातडीसारखी पातळ घडी पडत नाही. उजव्या हाताने टोचणाऱ्यांमध्ये बेंबीच्या शेजारी, हात सहज पोहोचतो तिथे, ती हमखास सापडते. मांड्यांचा बाहेरचा भाग आणि दंडही असेच तपासावेत. सापडलेल्या गाठीभोवती लिहायच्या पेनाने रेघ काढावी आणि घरातल्या कोणाला तरी दाखवावी.

फोंड्यातील माझ्या ओळखीच्या एका काकूंची शुगर कित्येक महिने तीनशेच्या आसपास राहत होती, आणि दर भेटीत त्यांचा डोस वाढत होता. त्यांच्या बेंबीच्या दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी होत्या आणि सगळे इन्सुलिन त्यांतच जात होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांनी जागा बदलली, तेव्हा पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी डोस त्यांना पुरू लागला. म्हणूनच इथे कळकळीने एक इशारा द्यावासा वाटतो : गाठ सोडून निरोगी जागेत तोच मोठा डोस टोचला, तर शुगर धोकादायकरीत्या उतरू शकते. जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलून डोस कमी करून घ्यावा, आणि पुढचे काही दिवस रात्रीसुद्धा शुगर तपासावी.

यापुढे दोन टोचण्यांमध्ये किमान एक बोटभर अंतर ठेवावे, पोटाचे चार भाग पाडून दर आठवड्याला एक भाग वापरावा आणि गाठीच्या जागेला काही महिने पूर्ण विश्रांती द्यावी. ४ मिलिमीटरची सुई बहुतेक सर्व बांध्यांच्या माणसांना पुरते. तीच सुई अनेकदा वापरल्याने टोक बोथट होते आणि गाठी वाढण्याचा संभव वाढतो. सुयांचा खर्च अनेक घरांना जड जातो याची मला जाणीव आहे, पण वाया जाणाऱ्या इन्सुलिनचा खर्च त्याहून मोठा असतो. टोचण्याआधी दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का ते पाहावे, बटण पूर्ण दाबल्यावर दहा अंक मोजेपर्यंत सुई आतच ठेवावी, आणि सुई पेनला लावून ठेवू नये, कारण तिच्यातून हवा आत जाते आणि इन्सुलिन बाहेर पाझरते.

पंप, म्हणजे नळीतून कातडीखाली सतत इन्सुलिन सोडणारे यंत्र, वापरणाऱ्यांचा नियम वेगळा आणि अधिक कडक आहे. त्यांच्या शरीरात दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचा साठाच नसतो, त्यामुळे नळी दुमडली किंवा तीत हवेचा बुडबुडा अडकला तर काही तासांतच कीटोन तयार होऊ लागतात. शुगर चढली आणि पंपावरच्या करेक्शनने ती उतरली नाही, तर पुढचा डोस पेनने किंवा सिरिंजने घेऊन पंपाचा सेट (नळी आणि कातडीत बसवलेली सुई) लगेच बदलावा.

रात्र आणि पहाट

झोपताना १३० आणि उठताना २४० असेल तर मधल्या रात्रीत काय घडले हे कळल्याशिवाय काहीही बदलू नये. पहाटेच्या सुमारास वाढ संप्रेरक आणि कॉर्टिसॉल यांचे प्रमाण वाढते, यकृत रक्तात साखर सोडते, आणि टाइप वनमध्ये तिला आवर घालणारे स्वतःचे इन्सुलिन नसते. साधारण ३ ते ८ या वेळेत शुगर चढण्याचे हे एक कारण. संध्याकाळी घेतलेले दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन सकाळपर्यंत पुरत नाही, हे दुसरे. रात्री शुगर लो होऊन नंतर ती आपोआप उसळते असे तिसरे कारण फार सांगितले जाते. मला ते जुन्या पेशंटमध्ये तितकेसे पटत नाही, कारण अनेक वर्षांनंतर शरीराची ती उसळी देण्याची क्षमताच मंदावलेली असते. प्रत्यक्षात बहुधा असे होते की, लो झाल्यावर घाबरून माणूस लाडू, बिस्किटे, केळे असे हाताला लागेल ते खातो. लो झाल्यावर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटे थांबून पुन्हा तपासावे, आणि गरज असल्यासच पुन्हा घ्यावी.

यासाठी एक साधी चाचणी आहे. रात्रीचे जेवण लवकर, हलके आणि कमी तेल-नारळाचे घ्यावे, त्यानंतर काही खाऊ नये, आणि झोपताना, पहाटे ३ वाजता व उठल्यावर शुगर लिहून ठेवावी. तिन्ही आकड्यांत साधारण ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक नसेल तर रात्रीचे इन्सुलिन योग्य आहे. ३ वाजेपर्यंत स्थिर राहून नंतर चढत असेल तर पहाटेचा परिणाम, आणि झोपल्यापासून सतत चढत असेल तर इन्सुलिन अपुरे. मधे ७० च्या खाली गेल्यास चाचणी तिथेच सोडून साखर घ्यावी. एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नये, दोन-तीन रात्रींचा आकृतिबंध पाहावा.

जेवणानंतर उशिरा चढणारी शुगर

आपल्या जेवणात नारळ सगळीकडे आहे. हुमण, शाकुती, खतखतें, चतुर्थीच्या दिवसांतल्या नेवऱ्या, पातोळ्या आणि मणगणें यांत कार्बोदकांसोबत भरपूर स्निग्ध पदार्थ येतात. स्निग्धांशामुळे पोट रिकामे व्हायला वेळ लागतो, म्हणून जेवणानंतर दोन तासांनी शुगर सुरेख दिसते आणि चार-पाच तासांनी ती चढते, तेव्हा जेवणाआधी घेतलेल्या इन्सुलिनचा जोर ओसरलेला असतो. पेशंटला वाटते, काही खाल्लेच नाही तर ही वाढली कशी. अशा जेवणासाठी डोस विभागून घेता येतो, पण तो कसा विभागायचा हे डॉक्टरांकडून शिकून घ्यावे.

उकड्या तांदळाविषयीही सांगणे भाग आहे. तो सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा सहसा थोडा सावकाश पचतो हे खरे, पण त्यातील कार्बोदके जवळपास तितकीच असतात, त्यामुळे उकडा म्हणून एक डाव भात जास्त घेतला तर हिशेब चुकतो. हुर्राकमध्ये, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूत, मिसळलेले गोड लिंबूपेय आधी शुगर चढवते आणि मद्यामुळे यकृताची साखर सोडण्याची क्रिया मंदावल्याने रात्री उशिरा ती उतरते. म्हणून त्या वेळी दिसलेल्या मोठ्या आकड्यावर मोठे करेक्शन घेणे धोक्याचे आहे. संध्याकाळी मैदानावर फुटबॉल खेळणाऱ्यांनाही सामन्यानंतर लगेच शुगर वाढलेली दिसते. जोरदार धावण्याने ॲड्रेनालिन वाढल्याचा तो परिणाम असतो, आणि काही तासांनी शुगर आपोआप खाली येते.

शरीरात दुसरे काही चालू आहे का

संसर्ग सर्वांत आधी शोधावा, आणि तो लपलेला असू शकतो हे लक्षात ठेवावे. दातांच्या मुळाशी साठलेला पू, लघवीतील जंतुसंसर्ग, बोटांच्या बेचक्यात चिघळलेली जखम यांमुळे ताप येण्याआधीच शुगर वाढू लागते. पायांची संवेदना कमी झालेली असेल तर पावसाळ्यात ओल्या चपलेने झालेली जखम दुखतही नाही, ती रोज डोळ्यांनीच पाहावी लागते. सांधेदुखीवर टोचलेले किंवा दम्यासाठी गोळ्यांच्या रूपात दिलेले स्टेरॉइड शुगर झपाट्याने वाढवते. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना आपण टाइप वन असल्याचे आधीच सांगावे आणि इंजेक्शनात काय आहे ते विचारावे.

स्त्रियांमध्ये पाळीच्या आधीच्या काही दिवसांत इन्सुलिनची गरज वाढते. वहीत पाळीच्या तारखा लिहिल्या की विनाकारण वाटणारी वाढ दर महिन्याला त्याच दिवसांत येते का हे उमगते. टाइप वनसोबत थायरॉइडचा विकार वारंवार आढळतो, आणि थायरॉइडचे कार्य अति झाले तर शुगर वाढते, म्हणून त्याची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी. जुन्या मधुमेहात जठराच्या मज्जातंतूंवर परिणाम होऊन अन्न पोटात रेंगाळू शकते. अशा वेळी जेवणानंतर लगेच लो आणि कित्येक तासांनी हाय, असा उलटा क्रम दिसतो, आणि थोडे खाल्ले तरी पोट तट्ट वाटते.

आणखी एक शक्यता स्पष्ट सांगितली पाहिजे. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांना हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. अचानक चढलेल्या शुगरसोबत दम लागणे, घाम फुटणे, असह्य थकवा किंवा जबड्यात अस्वस्थता असेल, तर ईसीजी काढायला त्याच वेळी निघावे.

मग डोस

वरचे सगळे तपासून झाल्यावर डोस बदलायचा, तो एका वेळी एकच बदलावा आणि दोन-तीन दिवस परिणाम पाहावा. शुगर उतरत नाही म्हणून तासाभराने पुन्हा करेक्शन घेणे टाळावे, कारण जलद इन्सुलिन तीन ते पाच तास आणि जुने रेग्युलर इन्सुलिन त्याहून जास्त वेळ काम करत असते. आधीचा डोस अजून अंगात शिल्लक असतानाच दुसरा त्यावर चढतो. रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचे असते, ताट वाढल्यावर घेतले तर ते नेहमीच मागे पडते.

डॉक्टरांकडे जाताना निदान आठवड्याभराची वही न्यावी, आणि तिच्यात आकड्यांशेजारी जेवण, डोस, टोचण्याची जागा आणि नवे पेन उघडल्याची तारीख लिहिलेली असावी. पेन आणि सुया सोबत न्याव्यात, आणि पोट व मांड्या हाताने तपासून पाहण्याची विनंती आपण स्वतःहून करावी, कारण ओपीडीच्या गर्दीत ती तपासणी होईलच असे नाही.